सुरुंगाच्या रेषेतले दात

बोगद्याच्या कामावर मी आले ती सर्व्हेसाठी. कंपनं नोंदवायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुसऱ्या कुणालाच ते नको होतं. फेसवरच्या, म्हणजे बोगद्याच्या पुढच्या टोकाशी खडक फोडणाऱ्या माणसांच्या मते तो वेळेचा अपव्यय होता, ऑफिसातल्यांच्या मते ती रोजची कटकट. वर वस्ती, खाली सुरुंग लावून पुढे सरकणारा बोगदा आणि मध्ये फार जाड नसलेला खडकाचा थर, अशी जागा होती. प्रत्येक ब्लास्टची नोंद हवी, ती ठरलेल्या मर्यादेत हवी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर हवी, एवढंच मला सांगितलं होतं.

मशीन तसं छोटं असतं. एक डबा, त्याला जोडलेला मुठीएवढा जिओफोन आणि एक माइक. जिओफोनच्या आत चुंबक आणि स्प्रिंगवर टांगलेलं तारेचं वेटोळं असतं. जमीन हलली की चुंबक तिच्याबरोबर हलतं, वेटोळं जडत्वामुळे मागे राहतं आणि तारेत वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज तयार होतं. अशी तीन वेटोळी तीन दिशांना बसवलेली असतात: एक उभी, एक ब्लास्टच्या दिशेनं, एक त्याला आडवी. म्हणजे आपण मोजतो तो जमिनीच्या कणाचा वेग. जमीन किती सरकली ते यात येत नाही, आणि लाट खडकातून किती वेगानं आली तेही नाही. लाट कडक खडकातून सेकंदाला चार-पाच किलोमीटर धावते. कण मात्र जागच्या जागी सेकंदाला काही मिलिमीटरच्या वेगानं थरथरतो. त्या थरथरीचा सर्वांत मोठा आकडा म्हणजे पीपीव्ही. बैठकीत सगळे त्याच्याबद्दल बोलतात आणि बहुतेक जण फक्त त्याच्याबद्दलच बोलतात.

मशीन बसवायच्या आधी घरं बघायची असतात. आमच्याकडे हे सर्वेक्षण दुसऱ्या एका टीमनं केलं, मी सोबत फिरले. प्रत्येक खोलीची प्रत्येक भिंत, छत, जोत्याची कडा, खिडकीचे कोपरे बघायचे. असलेल्या प्रत्येक तड्याचा पट्टी धरून फोटो काढायचा, नकाशात खूण करायची आणि घरमालकाची सही घ्यायची. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा तडा जवळजवळ प्रत्येक घरात सापडतो आणि जवळजवळ प्रत्येक मालकाला तो त्या दिवशी पहिल्यांदा दिसतो. एका काकांनी मला सरळ विचारलं, "ताई, तुमचं काम सुरू व्हायच्या आधीच तुम्ही तडे मोजताय, म्हणजे पडणार हे नक्की का?" प्रश्न रास्त होता. त्यांच्या दिवाणखान्यातल्या मोठ्या तड्यावर आम्ही तडामापक पट्टी चिकटवली: प्लॅस्टिकचे दोन तुकडे, एकावर बारीक चौकटी, दुसऱ्यावर लाल फुली. तडा रुंदावला किंवा सरकला की फुली चौकटीवरून हलते. सकाळी आणि दुपारी ती बघून वहीत लिहायची, एवढंच त्यांना सांगितलं. पहिला सुरुंग उडायच्या आधीच त्यांच्या वहीत फुली पुढे-मागे होताना दिसायला लागली. ऊन चढलं की एकीकडे, रात्री गार झालं की परत. त्यांनी स्वतः लिहिलेली ती वही पुढे माझ्या सगळ्या अहवालांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

आता जिओफोन बसवणं. हे काम दिसतं साधं, आणि निम्मे खोटे आकडे इथेच जन्माला येतात. माझ्या आधी कुणीतरी तो एका घराच्या ओट्यावर, गुळगुळीत फरशीवर नुसता ठेवून दिला होता. जमीन हळू हलते तोवर हे चालतं. प्रवेग वाढला की जिओफोन फरशीवर घसरतो, किंचित उडतो, आणि आपण जमिनीऐवजी त्याचं नाचणं नोंदवत बसतो. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ एक्स्प्लोझिव्ह्ज इंजिनियर्सची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत: प्रवेग गुरुत्वाच्या ०.२ पटीच्या आत असेल तर नुसता ठेवला तरी चालेल, ०.२ ते १ च्या मध्ये पुरलेला किंवा घट्ट जोडलेला बरा, आणि १ च्या वर असेल तर पुरलाच किंवा घट्ट जोडलाच पाहिजे. कंपनं जितकी जलद, तितका त्याच पीपीव्हीला प्रवेग जास्त. ५ मिमी प्रतिसेकंदाची थरथर १०० हर्ट्झला असेल तर प्रवेग गुरुत्वाच्या सुमारे ०.३ पट निघतो. बोगद्याजवळच्या कडक खडकात शंभर हर्ट्झ ही रोजची गोष्ट, म्हणून नुसतं ठेवून भागत नाही.

मी दोन पद्धती वापरल्या. माती होती तिथे जिओफोनच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा खणायचा, तळ सपाट करायचा, खिळे खाली दाबून जिओफोन बसवायचा आणि तीच माती थराथरानं ठासून भरायची. सैल माती टाकून वरून पाय दाबला तर ती पुरल्यासारखी दिसते, पण धरत नाही. काँक्रीटचं जोतं होतं तिथे ग्राइंडरनं वरचा रंग आणि धूळ काढायची, प्लास्टर ऑफ पॅरिसचा घट्ट गोळा लावायचा, त्यावर जिओफोन दाबायचा आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत हलक्या हातानं हलवत राहायचा. प्लास्टर पाचेक मिनिटांत धरायला लागतं, तेवढ्यात पातळी आणि दिशा दोन्ही जमलं पाहिजे. जिओफोनवरचा बाण ब्लास्टकडे करायचा असतो. फेस रोज पुढे जातो, त्यामुळे बाण किती दिवस बरोबर राहणार हा प्रश्न येतोच; मी तो बोगद्याच्या मध्यरेषेवरच्या एका ठरलेल्या बिंदूकडे ठेवला आणि तसं नोंदवलं. तिन्ही दिशांचा एकत्रित आकडाही मशीन देतंच. जागा घराच्या बाहेर, पायाला लागून, ब्लास्टच्या बाजूला. फेसपासूनच्या अंतराच्या दहा टक्क्यांपेक्षा किंवा तीनेक मीटरपेक्षा घरापासून दूर नको.

मशीनच्या सेटिंगमधली एक गोष्ट बोगद्यात काम करणाऱ्यानं विसरू नये. खाणीतला ब्लास्ट बहुधा एक-दोन सेकंदांत संपतो, म्हणून बऱ्याच मशीनमध्ये नोंदीची लांबी दोन-तीन सेकंद धरलेली असते. बोगद्यात डिले, म्हणजे एका स्फोटापासून पुढच्या स्फोटापर्यंत मुद्दाम ठेवलेली वेळ, लांब असतात. मधल्या कटच्या, म्हणजे सगळ्यांत आधी उडून बाकीच्यांना जागा करून देणाऱ्या होलांना २५ मिलिसेकंदांच्या पायरीचे, बाकी सगळ्या फेसला अर्ध्या सेकंदाच्या पायरीचे, अशी आमची रचना होती. शेवटचे लिफ्टर, म्हणजे तळाची होलं, उडेपर्यंत पाच सेकंद सहज होतात. नोंद तीन सेकंदांवर तुटली तर पेरिफेरी (कडेची होलं) आणि लिफ्टर कागदावर येतच नाहीत, आणि अहवाल मात्र छान दिसतो. मी दहा सेकंद ठेवले. सॅम्पलिंग सेकंदाला १०२४ ऐवजी २०४८ केलं, कारण दीडशे-दोनशे हर्ट्झची लाट थोड्या बिंदूंत पकडायला गेलं तर तिचं टोकच निसटतं. ट्रिगर, म्हणजे ज्या पातळीला मशीन नोंद सुरू करतं ती, १ मिमी प्रतिसेकंदाच्या आसपास. त्याहून खाली नेला की कुणी शेजारून धावत गेलं तरी नोंद होते. अशा नोंदी ओळखायला सोप्या असतात: वेळ ब्लास्टची नसते, उभ्या चॅनेलवर दोन-चार ठोके असतात आणि बाकी सगळं सपाट.

सुरुवातीच्या ब्लास्टमध्ये चार्ज, म्हणजे स्फोटकाचं वजन, मुद्दाम कमी ठेवला होता, आणि मशीनं एका ओळीत वेगवेगळ्या अंतरांवर. यातून जागेचं सूत्र काढायचं होतं. अंतराला एका डिलेत उडणाऱ्या जास्तीत जास्त चार्जच्या वर्गमुळानं भागायचं. हे झालं स्केल्ड डिस्टन्स. पीपीव्ही त्याच्या कुठल्यातरी घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतो. लॉग-लॉग कागदावर बिंदू मांडले की ते साधारण एका उतरत्या रेषेभोवती जमतात. साधारण, कारण एकाच अंतराला, एकाच चार्जला आकडे दुप्पट-तिप्पट इकडेतिकडे असतात. म्हणून मधली रेषा वापरून चार्ज ठरवायचा नाही. शंभरातले ९५ बिंदू जिच्या खाली राहतील अशी वरची रेषा काढायची आणि तिच्यावरून हिशेब करायचा.

उदाहरणच घेऊ. वरच्या रेषेचा स्थिरांक ७०० आणि घात १.५ निघाला आणि मर्यादा ५ मिमी प्रतिसेकंद असली, तर स्केल्ड डिस्टन्स निदान २७ हवं. अंतर ६० मीटर असताना एका डिलेत ४.९ किलो चालतं. तेच अंतर ३० मीटर झालं की १.२ किलो. अंतर निम्मं, चार्ज पाव. फेसच्या फोरमनला हे तक्ता दाखवून पटलं, सूत्र दाखवून पटलं नसतं. अंतर नकाशावरचं धरायचं नाही, फेसपासून घराच्या पायापर्यंतचं तिरकं अंतर धरायचं. बोगदा थेट घराखालून जाताना नकाशावरचं अंतर शून्य होतं आणि नकाशा बघूनच घाबरायची पाळी येते.

मर्यादा कुठून येतात याबद्दल साइटवर बरेच गैरसमज असतात. भारतात खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं ७ क्रमांकाचं परिपत्रक लावतात: दुसऱ्यांच्या मालकीच्या साध्या घरांना कंपनं ८ हर्ट्झच्या खाली असतील तर ५ मिमी प्रतिसेकंद, ८ ते २५ मध्ये १०, आणि २५ च्या वर १५. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंना २, ५ आणि १०. जर्मनीचं डीआयएन ४१५० मानक राहत्या घरांना १० हर्ट्झच्या खाली ५ देतं आणि पुढे १०० हर्ट्झपर्यंत ते २० पर्यंत चढत जातं. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सच्या १९८० च्या अहवालात ४० हर्ट्झच्या वर जवळजवळ ५१ पर्यंत परवानगी आहे. आकडे वेगळे, पण सगळ्यांचा चढ एकाच दिशेचा, कारण संपूर्ण घराची स्वतःची डोलण्याची वारंवारता साधारण ४ ते १२ हर्ट्झमध्ये असते. जमीन त्याच तालात हलली तर घर तिला साथ देतं. शंभर हर्ट्झची थरथर पायाशी येते, पण अख्खं घर तिच्या मागे धावू शकत नाही. म्हणून वारंवारता न सांगता नुसता पीपीव्ही सांगणाऱ्या अहवालाला मी अर्धवट समजते. आमच्यावर मात्र सरसकट ५ ची मर्यादा घातली होती. तांत्रिकदृष्ट्या ती कडक होती. वर लोक झोपत-उठत होते हे पाहता मला ती योग्यच वाटली.

खरं काम सुरू झालं ते यानंतर. एका सकाळी नोंद आली ६.२. मर्यादेच्या वर. बैठकीत ठरलं की पूर्ण फेसचा चार्ज वीस टक्के कमी करायचा. म्हणजे खडक नीट तुटणार नाही, मोठे धोंडे येतील, फेसवर शिल्लक राहील, पुन्हा ड्रिलिंग, पुन्हा ब्लास्ट आणि वर राहणाऱ्यांना एकाऐवजी दोन हादरे. मी तोवर फक्त पहिल्या पानावरचा आकडा पाठवत असे. त्या दिवशी पूर्ण रेषा छापून ब्लास्टरसाहेबांच्या शेजारी बसले. त्यांच्या हातात ब्लास्टचा नकाशा: कुठल्या होलात कितव्या नंबराचा डिले, स्फोटकाच्या किती कांड्या. माझ्या हातात दहा सेकंदांची रेषा.

रेषा फणीसारखी दिसते. सुरुवातीला दाट, एकमेकांत गुंतलेले दात, तो कट. मग अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला एकेक दात, प्रत्येक दात एका नंबरचा. ६.२ चं टोक पहिल्या पाव सेकंदात होतं. बाकी सगळे दात ३ च्या खाली. म्हणजे इझर (कटभोवतीची होलं), पेरिफेरी, लिफ्टर यांचा चार्ज कमी करून काहीच मिळणार नव्हतं. ब्लास्टरसाहेब रेषेवर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, हा कटच. ह्याला फुटायला जागाच नसते." अगदी खरं. फेसवर मोकळा पृष्ठभाग एकच, समोरचा. मधे रिकामं ठेवलेलं मोठ्या व्यासाचं होल सोडलं तर कटच्या पहिल्या होलांना सरकायला कुठेच वाव नसतो, त्यामुळे खडक बाहेर फेकण्यात जायची ती ताकद जमिनीत उतरते. नंतरच्या होलांना कटनं उघडलेली पोकळी मिळते, म्हणून तेवढ्याच चार्जला ती कमी हादरवतात.

मग बदल झाले ते फक्त कटमध्ये. रिकाम्या होलांची संख्या वाढवली. दोन होलं एका नंबरावर उडत होती ती सुटी केली. कट फेसच्या मध्यावरून खाली आणि घरांच्या विरुद्ध बाजूला सरकवला. घरं अगदी डोक्यावर आली तेव्हा ड्रिलिंगची लांबीच निम्मी केली, म्हणजे प्रत्येक होलातला चार्ज आपोआप उतरला. पुढचे आकडे ४ च्या आसपास राहिले आणि फेसवर शिल्लकही उरली नाही. वीस टक्के कपातीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

पेरिफेरीची गंमत वेगळी. त्या होलांत चार्ज हलका असतो, पण कडा गुळगुळीत यावी म्हणून सगळी एकाच नंबरावर ठेवतात. कागदावर बेरीज केली तर एका डिलेतला चार्ज भयंकर दिसतो. प्रत्यक्षात त्यांचा दात उंच नसायचा, रुंद असायचा. लांब डिलेच्या डेटोनेटरमध्ये एकाच नंबरचे सगळे त्याच क्षणी उडत नाहीत, दहा-वीस मिलिसेकंद किंवा त्याहूनही जास्त मागे-पुढे होतात. आठ मिलिसेकंदांच्या आत उडालेलं एकत्र धरायचं हा जुना संकेत; तो लावला तर या विस्कळीतपणाचा फायदाच होतो. इलेक्ट्रॉनिक डेटोनेटर आणले तर हा विस्कळीतपणा जातो, आणि मग प्रत्येक होलाला वेगळी वेळ मुद्दाम द्यावी लागते. अचूक डेटोनेटर बसवले की कंपनं आपोआप कमी होतात, हे विक्रेत्यांचं वाक्य मला म्हणूनच अर्धंच पटतं.

दात मोजायची सवय लागली तिचा एकदा वेगळाच उपयोग झाला. संध्याकाळचा ब्लास्ट झाला, मी वरच्या मशीनजवळच होते. नोंद उघडली तर पीपीव्ही ३ च्या आत. छान. पण शेवटचा दात नव्हता. पाचव्या सेकंदाच्या सुमाराला लिफ्टर यायला हवेत, तिथे रेषा सपाट. जवळच्या दुसऱ्या घराजवळचं मशीन पाहिलं, तिथेही सपाट. लगेच खाली फोन केला. धूर बाहेर जायचा होता, मकिंगचं, म्हणजे फुटलेला खडक उचलायचं लोडर अजून उभंच होतं. ब्लास्टरसाहेब आत गेले आणि ढिगाचा पायथा हातानं मोकळा करून बघितला: उजव्या कोपऱ्यातल्या लिफ्टरांच्या डेटोनेटरना जोडणाऱ्या ट्यूब तुटलेल्या, होलं तशीच भरलेली. आधीच्या नंबरांनी उडवलेल्या दगडानं जोडणी कापली गेली होती. ब्लास्टनंतर फेस तपासल्याशिवाय लोडर जाऊ द्यायचं नाही हा नियम आहेच आणि त्यांनी तो पाळलाच असता. पण लिफ्टर ढिगाखाली दबलेले असतात आणि पहिल्या नजरेत दिसत नाहीत. तेव्हापासून ब्लास्ट झाला की खालून फोन यायचा, "मॅडम, सगळे आले का?" पीपीव्ही किती, हे नंतर.

तक्रारींचं गणित मात्र मला बराच काळ सुटत नव्हतं. बोगद्याच्या अगदी डोक्यावरच्या घरात ४ च्या आसपास आकडे यायचे, तिथले लोक फारसं बोलायचे नाहीत. बोगद्याच्या तोंडासमोर, चांगलं लांब, एक घर होतं. तिथे पीपीव्ही १ च्या खाली, आणि तक्रार रोज. तिथल्या आजी दारातच बसलेल्या असायच्या. ऑफिसात त्यांच्याबद्दल बोललं जायचं ते चांगलं नव्हतं. पैशासाठी करतात, असं. मी एकदा ब्लास्टच्या वेळी त्यांच्याकडे जाऊन बसले. आजी म्हणाल्या, "बघ हं पोरी, दोनदा होतं. आधी पायाखाली, मग खिडकी." आणि तसंच झालं. पायांना जेमतेम जाणवेल इतकी थरथर, आणि पाऊण सेकंदानं खिडकीची तावदानं खडखडली, पडदा हलला, कानात दाब आला. आवाज फारसा नव्हता.

ती हवेची लाट होती. जमिनीतून कंपन अडीचशे मीटर यायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. हवेतून तेच अंतर कापायला पाऊण सेकंद लागतो. बोगदा अजून लांब गेला नव्हता, त्यामुळे फेसवरचा दाब नळीतून सुटावा तसा तोंडातून बाहेर पडत होता आणि समोर त्या आजींचं घर. या लाटेचा बराचसा भाग २० हर्ट्झच्या खालचा, कानाला न ऐकू येणारा. काचेला आणि दाराला मात्र बरोबर जाणवणारा. त्या घरी जिओफोन होता, पण माइक लावलेला नव्हता, कारण करारात फक्त जमिनीच्या कंपनांचा उल्लेख होता. वाऱ्याची टोपी घालून माइक बाहेर लावला तर १२६, १२८ डेसिबल अशा नोंदी यायला लागल्या. ब्युरो ऑफ माइन्सची मर्यादा, २ हर्ट्झपासून मोजणाऱ्या माइकसाठी, १३३ आहे. आकड्यानं आम्ही आत होतो. पण डेसिबल चढतात तसा दाब पटींत चढतो. सहा डेसिबल वाढले की दाब दुप्पट. १२८ म्हणजे १३३ च्या अगदी खालचं काही नव्हे, साधारण निम्म्याहून थोडा अधिक दाब. तरी घरात बसलेल्या माणसाला तो पुरेसा होता. आणि तो वेगळा दिसतो हेही रेषेवर स्पष्ट होतं: जिओफोनचे दात संपल्यावर माइकचे अजून चालू, आणि शेवटी जमिनीच्या रेषेवरही एक छोटी लहर, जी जमिनीतून आलेली नसून हवेनं घर हलवल्यामुळे आलेली.

यावर चार्ज कमी करून फार फरक पडला नसता. होलांची तोंडं मातीच्या कांड्यांनी नीट बुजवायला सुरुवात केली. तोवर ते घाईत उरकलं जायचं. तोंडाशी जाड रबरी पट्ट्यांचा पडदा टांगला, ब्लास्टच्या आधी खाली सोडायचा. नोंदी १२० च्या आसपास उतरल्या. फेस आत आत गेला तशा आणखी उतरल्या. ब्लास्टच्या ठराविक वेळा आणि पाच मिनिटं आधी भोंगा, हेही त्याच सुमाराला सुरू झालं, आणि माझ्या मते तक्रारी कमी व्हायला याचा हातभार पडद्याइतकाच होता. माणसाला अर्धा मिलिमीटर प्रतिसेकंदाची थरथरही कळते, म्हणजे घराला इजा होण्याच्या पातळीच्या दहाव्या भागाहून कमी. कधी येणार हे माहीत नसेल तर तीच दुप्पट वाटते.

काकांच्या वहीचं सांगायचं राहिलं. फेस त्यांच्या घराखालून जात असताना त्यांनी फुलीची नोंद ब्लास्टच्या आधी आणि नंतर अशी दोन्ही वेळा केली. आधी-नंतरचा फरक त्यांना बहुतेक वेळा दिसलाच नाही. सकाळ-दुपारचा मात्र रोज दिसत होता. ब्युरो ऑफ माइन्सनं प्रायोगिक घरात हेच मोजून ठेवलंय: दार जोरात आपटलं तर भिंतीला पडणारा ताण साधारण १३ मिमी प्रतिसेकंदाच्या जमिनीच्या कंपनाएवढा, खिळा ठोकताना २२ च्या आसपास, आणि हवेतल्या उष्णता-दमटपणाच्या फरकानं त्याहूनही जास्त. मी हे सांगितलं असतं तर कंपनीची माणसं असंच बोलणार, असं ते म्हणाले असते. स्वतःच्या अक्षरातलं ते मानून घेतात.

मधल्या काळात एक सूचनाही आली होती, की एका घराजवळचं मशीन थोडं मागे, बागेतल्या मऊ मातीत हलवलं तर आकडे बरे दिसतील. नाव सांगत नाही. मऊ मातीत वारंवारता उतरते आणि आकडा कित्येकदा वाढतोच, हे मी त्यांना शांतपणे समजावलं. प्रामाणिकपणाच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट त्यांना लवकर पटली.

फेस पुढे निघून गेला, आकडे ट्रिगरच्या खाली गेले, मशीनं उचलली. प्लास्टरमधून जिओफोन काढताना छिन्नी वापरायची नाही. लाकडी ठोकळ्यानं बाजूनं हलके टोले द्यायचे, तो निखळतो. मग घरांचं पुन्हा सर्वेक्षण झालं, तेच फोटो, त्याच भिंती. बहुतेक ठिकाणी फरक नव्हता. एका घरात बेडरूमच्या भिंतीवर केसाएवढे दोन तडे निघाले, जे आधीच्या फोटोंत नव्हते. नव्हते, कारण पहिल्या वेळी तिथे कपाट होतं आणि मधल्या काळात घरच्यांनी ते हलवलं. तडे जुने की नवे, हे कुणालाच सांगता येईना. त्या घराच्या पायाशी पूर्ण काळात ३.४ च्या वर एकही नोंद नव्हती, आणि ती ३.४ ची नोंदही ८० हर्ट्झच्या पुढची होती. मी रेषा, वारंवारता, तारखा सगळं जोडून अहवाल दिला आणि त्यात हेही लिहिलं की भिंतीचा आधीचा फोटो उपलब्ध नाही. ठेकेदारानं तडे भरून भिंत रंगवून दिली, फक्त ती एक. घरच्या वहिनी म्हणाल्या, बाकीच्या तीन आता जुन्या दिसतात.